लेबर रूममधली पळापळ आणि आगळाची बाटली

पत्र

नमस्कार ताई, मी गोव्यात डिचोली तालुक्यातल्या एका छोट्या मॅटर्निटी होममध्ये स्टाफ नर्स आहे. बारा खाटा, सर आणि मॅडम दोघे नवरा-बायको, आम्ही सहा सिस्टर आणि दोन आया. गेल्या महिन्यात नाईटला (आम्ही दोन सिस्टर, एक आया आणि मॅडम) एक डिलिव्हरी अगदी नॉर्मल झाली, बाळ छान रडलं, वार पडली आणि पंधरा-वीस मिनिटांनी त्या बाईला ब्लीडिंग सुरू झालं. पुढे जी पळापळ झाली ती मला अजून स्वप्नात दिसते. ऑक्सिटोसिन, म्हणजे गर्भपिशवी आवळायचं इंजेक्शन, वरच्या मजल्यावरच्या फ्रीजमध्ये, सलाइन लावायच्या ग्रीन कॅन्युला संपलेल्या, मॅडम ओरडतायत "कोणीतरी दुसरी लाईन टाका रे" आणि ते कोणीतरी म्हणजे कोण हेच कळेना. मी स्वतः चार वेळा खोलीबाहेर पळाले. शेवटी 108 च्या अॅम्ब्युलन्सने बांबोळीला गोवा मेडिकल कॉलेजात (गोमेकॉ) पाठवलं, बाई वाचली, आता बाळ-बाळंतीण घरी आहेत. दुसऱ्या दिवशी सरांनी सगळ्यांसमोर आम्हाला झापलं आणि विषय संपला. मी म्हटलं ट्रेनिंग घेऊया, तर म्हणाले ते मोठ्या हॉस्पिटलांचं काम, आपल्याला वेळ कुठे, आणि तुम्ही नर्सिंग शिकूनच आलाय ना? एक ऑनलाइन सर्टिफिकेट कोर्स बघून ठेवलाय, तो करू का? की सरळ नोकरी सोडू? माझ्यामुळे उशीर झाला असं सारखं वाटत राहतं.
– एक सिस्टर, डिचोली

उत्तर

बाय, आधी हे ऐक की ती बाई आज घरी बसून बाळाला पाजतेय ते तुमच्याच हातून झालंय. नाईटला दोन सिस्टर, एक आया आणि एक डॉक्टर एवढ्या माणसांनी ब्लीडिंग होणारी बाळंतीण जिवंत बांबोळीला पोचवली, हे काही थोडं नाही. पण तुला बरं वाटावं म्हणून कोणाचीच काही चूक नव्हती असं मी लिहिणार नाही, तुलाही ते पटायचं नाही. चुका झाल्याच. लेबर रूमचं औषध वरच्या मजल्यावर ठेवलं ही एक, ग्रीन कॅन्युला संपल्यात हे दुपारच्या शिफ्टने कुठे लिहून ठेवलं नाही ही दुसरी. यातलं तू एकटीने केलेलं काहीही नाही आणि झापून यातलं काही सुधारणारही नाही. त्या बाईला परत काही झालं असतं तर सरांनी परत झापलं असतं आणि फ्रीज वरच राहिला असता.

तू लिहिलंस डिलिव्हरी अगदी नॉर्मल होती. बहुतेकदा असंच असतं गं. माझी अर्धी नोकरी लेबर रूममध्ये गेली, ज्या बाईबद्दल आपण सगळे घाबरून असतो ती आरामात मोकळी होते आणि जिच्याकडे कोणाचं लक्ष नाही तिलाच ब्लीडिंग सुरू होतं. हिमोग्लोबिन चांगलं, बीपी चांगलं, फाईलवर लाल शेरा नाही. वार पडली की सगळे हुश्श करतात, चहा सांगतात, बाळाचं वजन करायला सगळ्या एका कोपऱ्यात जमतात, आणि इकडे गर्भपिशवी आवळायच्या ऐवजी सैल पडत जाते. भरल्या दिवसांच्या पिशवीकडे मिनिटाला अर्धा लिटरच्या आसपास किंवा त्याहून जास्त रक्त वाहत असतं, त्यामुळे ती सैल राहिली तर फ्रीजपर्यंत जाऊन यायला लागलेली तीन मिनिटं म्हणजे काय ते तुला मी सांगायला नको. अशा वेळी कोण किती हुशार याला फारशी किंमत नसते, वस्तू हाताशी आहे का आणि कोण काय करतंय ते ठरलंय का, एवढंच बघायचं.

तुझ्या त्या "चार वेळा पळाले" वरून एक आठवलं. इंग्लंडात ब्रिस्टलच्या डॉक्टरांनी आणि मिडवाइफनी एक अभ्यास केला होता. वेगवेगळ्या टीमना लेबर रूममध्ये झटके आलेल्या बाईची केस दिली, म्हणजे खोटी, एक बाई पेशंट बनून झोपलेली, आणि कुठली टीम झटक्यांवरचं मॅग्नेशियम सल्फेट लवकर देते ते बघितलं. ज्या टीम भारी निघाल्या त्यांची पुस्तकी माहिती जास्त होती म्हणून नव्हे हां. त्यांच्यात कोणीतरी लवकरच मोठ्याने बोलून टाकलं की हे एक्लॅम्प्सिया, म्हणजे गरोदरपणातल्या बीपीचे झटके, आहे, मनात ठेवलं नाही. काम एका ठराविक माणसाला सांगितलं आणि त्याने ते झाल्यावर झालं म्हणून परत सांगितलं. आणि तिसरं म्हणजे त्या टीममधली माणसं खोलीबाहेर कमी वेळा गेली! आता हे वाचून तुला हसू येतंय की रडू ते तुझं तू बघ.

हे लोक साउथमीड नावाच्या हॉस्पिटलातले. तिथे 2000 साली त्यांनी एक ट्रेनिंग सुरू केलं, प्रॉम्प्ट म्हणतात त्याला. त्यात काय मोठं होतं? महागडी मशीन नव्हती, हॉटेलातला हॉल नव्हता. वर्षातून एक दिवस लेबर रूमशी संबंध असलेला प्रत्येक माणूस, म्हणजे मोठे डॉक्टर, शिकाऊ डॉक्टर, मिडवाइफ, भूल देणारे, सगळे एकत्र, आपल्याच हॉस्पिटलात आपल्याच वस्तू वापरून ड्रिल करणार. कोणाला सूट नाही. काही वर्षांनी आकडे काढले तर जन्मल्यावर पाच मिनिटांनी ज्यांचा अपगार, म्हणजे बाळाच्या तब्येतीचे दहापैकी गुण, सातच्या खाली असतो अशी बाळं दर 10,000 मागे 86.6 होती ती 44.6 वर आली, आणि ऑक्सिजन कमी पडून मेंदूवर परिणाम झालेली बाळं 27.3 वरून 13.6 वर. बाळाचा खांदा अडकतो ना, त्या केसेसमध्ये बाळाला इजा व्हायचं प्रमाण 9.3 टक्के होतं ते 2.3 टक्के झालं. हॉस्पिटल तेच आणि बायकाही त्याच भागातल्या.

आता हे आकडे घेऊन लगेच सरांकडे धावू नको, कारण सर वाचणारे असले तर ते दुसरी बाजू काढतील आणि तुझं तोंड बंद होईल. पुढे हेच ट्रेनिंग स्कॉटलंडात बारा युनिटमध्ये नेलं तर तिथे बाळांच्या अपगारमध्ये काही फरक दिसला नाही. आणि आपल्याकडे उत्तर प्रदेशात 120 सरकारी केंद्रांमध्ये डब्ल्यूएचओची सेफ चाइल्डबर्थ चेकलिस्ट नेली, सिस्टरांच्या शेजारी उभं राहून काही महिने शिकवलं. 2017 मध्ये निकाल आला तेव्हा दिसलं की सिस्टर हात धुणं, बीपी घेणं, वेळेवर ऑक्सिटोसिन देणं हे सगळं आधीपेक्षा बरंच जास्त करायला लागल्या, पण बाळंतिणी आणि बाळं दगावायचं प्रमाण तेवढंच राहिलं.

यावरून ट्रेनिंग फुकट जातं असं म्हणणारे लोक मला भेटलेत, मला तसं वाटत नाही. मला यातून एवढंच दिसतं की ट्रेनिंग झालं हे रजिस्टरवर लिहायला सोपं असतं, पण त्या रात्री त्या खोलीत जी चार माणसं असणार तीच चार माणसं आधी त्याच खोलीत एकमेकांबरोबर हे करून बघतात का, हा प्रश्न वेगळा आहे. आणि समोर काही अवघड झालं तर वर पाठवायची सोय, रक्त, औषध हे सगळं आहे का हाही. इंग्लंडात श्रूजबरीच्या हॉस्पिटलांत वर्षानुवर्षं बाळंतिणी आणि बाळं दगावत होती त्याची मोठी चौकशी झाली, 2020 ला पहिला अहवाल आणि 2022 ला शेवटचा, त्यातही हेच सांगितलं की जे एकत्र काम करतात त्यांनी ट्रेनिंगही एकत्रच घ्यायचं.

म्हणून तुझा ऑनलाइन कोर्स. कर, वाईट काही नाही, माहिती पक्की होईल, पुढे नोकरीलाही उपयोग होईल. पण तू एकटी शिकलीस आणि त्या रात्रीची आया, दुसरी सिस्टर आणि मॅडम तशाच राहिल्या तर तू पाचव्या वेळी पळशील एवढंच, जरा जास्त माहितीसकट. आधी खोलीचं बघ, कोर्स पावसाळ्यात निवांत कर.

सरांना कसं सांगायचं

पहिली गोष्ट, ट्रेनिंग हा शब्दच काढू नको. मालक डॉक्टरला ट्रेनिंग म्हटलं की डोळ्यांपुढे येतं दोन दिवस बंद असलेली ओपीडी, बाहेरून बोलावलेले तज्ज्ञ, जेवणाचं बिल आणि वर "माझ्या स्टाफला काही येत नाही" हा अपमान. तू मॅडमकडे जा आधी. त्या रात्री त्या तिथे होत्या, त्यांनाही झोप लागली नसणार, दाखवत नसतील एवढंच. एकटीच जा, घोळका करून नको, आणि सांग की मॅडम, त्या रात्रीवरून मी एक बॉक्स करायचं ठरवलंय, ब्लीडिंगचं सगळं सामान एका ठिकाणी, तुम्ही यादी तपासून द्याल का? यादी तपासायला कुठलाही डॉक्टर नाही म्हणत नाही. मग हळूच म्हण, बॉक्स झाला की एकदा पंधरा मिनिटं करून बघूया का, दुपारी, ओपीडी संपल्यावर.

सरांचं म्हणशील तर आपल्याकडे गावच्या जत्रेतल्या नाटकात काम न केलेला डॉक्टर शोधूनच काढावा लागेल! तुझे सर पण त्यातले असले तर त्यांना हळूच विचार की सर, एका रात्रीच्या नाटकाला तुम्ही महिनाभर तालमी करता, प्रॉम्प्टर ठेवता, तलवार कुठल्या विंगेत आहे तेसुद्धा ठरलेलं असतं, मग इथे? चिडले तर चिडले, पण विसरणार नाहीत. आणि अगदीच हिशेबी असले तर फॉग्सीचं, म्हणजे स्त्रीरोगतज्ज्ञांच्या देशभरच्या संघटनेचं, 'मान्यता' म्हणून सर्टिफिकेशन आहे ते सांग, खाजगी प्रसूतिगृहांसाठीच आहे, 16 निकष आहेत, आणि त्यात अशी इमर्जन्सी सांभाळायची तयारी बघतातच. सरकारी लेबर रूमना केंद्राचा 'लक्ष्य' नावाचा कार्यक्रम आहे 2017 पासून, खाजगीवाल्यांना 'मान्यता'. बोर्डावर लावता येतं म्हटलं की काही सरांचे कान टवकारतात.

बॉक्स आणि आगळ

बॉक्स म्हणजे काय, प्लास्टिकचा झाकणाचा मोठा डबा, भाजीबिजी ठेवतो तसला पण पारदर्शक. त्यात मोठ्या कॅन्युला, ग्रे आणि ग्रीन दोन्ही, आयव्ही सेट, सलाइनच्या बाटल्या, ब्लड ग्रुप आणि क्रॉसमॅचच्या ट्यूब आधीच लेबल लावलेल्या, युरिन कॅथेटर, रक्त थांबवायचं ट्रॅनेक्सॅमिक अॅसिड, गर्भपिशवी आवळायच्या मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या, लांब हातमोजे, आणि गर्भपिशवीत फुगवायचा बलून किंवा कंडोम-कॅथेटरचा सेट (ही कंडोमची युक्ती बांगलादेशच्या डॉक्टरांनी 2003 मध्ये जगापुढे मांडली, स्वस्तातली आहे आणि चालते). ऑक्सिटोसिन आणि तसंच दुसरं इंजेक्शन मेथर्जिन 2 ते 8 डिग्रीत लागतात म्हणून ते बॉक्समध्ये नाही ठेवता येत, तर एक छोटा फ्रीज लेबर रूममध्येच घ्यायला लावा, बाकी काही नाही मिळालं तरी चालेल पण यावर अडून बस. बॉक्सच्या झाकणाच्या आतल्या बाजूला मॅडमच्या सहीची यादी चिकटव, कुठलं औषध किती आणि कोणाला नाही, बीपी वाढलेलीला मेथर्जिन नाही, दमेकरीला कार्बोप्रोस्ट नाही, हे मोठ्या अक्षरात. रात्री तीन वाजता हे कोणाला आठवत नाही आणि आठवायची गरजही पडू नये.

आता आगळ. घरचं सोलांचं आगळ, म्हणजे कोकमाचा घट्ट रस, घे, पाणी घालून रक्तासारखा रंग येईल इतपत पातळ कर आणि सलाइनच्या रिकाम्या बाटलीत भर, ती 500 मिलीची असते म्हणजे मोजमाप आपोआप झालं. एक जुनी चादर, दोन-तीन पॅड आणि गॉज टेबलावर पसर आणि कोणी बघत नसताना त्यावर पूर्ण बाटली ओत, थोडं खाली फरशीवर जाऊ दे. मग सगळ्यांना बोलाव, मॅडमना पण, आणि प्रत्येकाने चिठ्ठीवर लिहायचं किती रक्त गेलं असेल ते. कोणाशी बोलायचं नाही. चिठ्ठ्या उघडशील तेव्हा 200, 250, 300 असे आकडे निघतील बघ, आणि त्यातला एखादा मॅडमचा असेल. नजरेने अंदाज केला की माणूस कमीच सांगतो, हे जगभर दिसलंय, आणि 500 मिली म्हणजे तर पीपीएच, म्हणजे बाळंतपणानंतरचं जादा ब्लीडिंग, म्हणायची जुनी ओळखीची रेघ. या खेळाला एक रुपया लागत नाही आणि कोणाला कमी लेखल्यासारखंही होत नाही कारण सगळेच चुकतात.

हे मोजायचं किती महत्त्वाचं आहे ते 2023 मध्ये कळलं. केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानिया इथल्या 80 हॉस्पिटलांत मोठा अभ्यास झाला, ई-मोटिव्ह नावाचा. त्यातल्या निम्म्या हॉस्पिटलांत काय केलं, डिलिव्हरी झाली की बाईच्या खाली रेघा असलेला प्लास्टिकचा ड्रेप लावला, रक्त मोजलं, आणि ठरलेल्या रेघेपर्यंत आलं की डॉक्टरची वाट न बघता सगळं एकदमच सुरू, पिशवी चोळणं, ऑक्सिटोसिन, ट्रॅनेक्सॅमिक, सलाइन, तपासणी. एक देऊन बघू, नाही थांबलं तर दुसरं, असं नाही. तिथे गंभीर ब्लीडिंग, त्यासाठी पोट उघडायची वेळ येणं किंवा बाई दगावणं हे सगळं मिळून जुन्या पद्धतीच्या हॉस्पिटलांत 4.3 टक्के होतं आणि या नव्या पद्धतीच्या हॉस्पिटलांत 1.6 टक्के. जुन्या पद्धतीत निम्म्या केसेस लक्षातच येत नव्हत्या गं, मोजणाऱ्यांनी 93 टक्के पकडल्या. ड्रेप मिळाला तर उत्तम, नाही तर भिजलेली पॅड बाळाच्या वजनकाट्यावर ठेवा, कोरड्याचं वजन वजा करा, एक ग्रॅम म्हणजे साधारण एक मिली.

पहिलं ड्रिल

आगळाचा खेळ झाला की दुसऱ्या आठवड्यात ड्रिल. मॅनिकिन म्हणजे प्लास्टिकचा पुतळा नको, तुमच्यातलीच एखादी सिस्टर पेशंट बनून झोपू दे, जिवंत माणूस झोपलं की बाकीच्या आपोआप तिच्याशी बोलतात, धीर देतात, आणि खऱ्या वेळी नेमकं हेच राहून जातं. पोटावर उशी, खाली आगळाची चादर, घड्याळ सुरू.

तुमच्याकडे नाईटला चार माणसं, म्हणून चौघांचंच करा, दिवसाच्या आठ माणसांना घेऊन केलेलं ड्रिल रात्री कामाचं नाही. जी सिस्टर पेशंटजवळ आहे तिचा हात पोटावर, पिशवी चोळत राहायची, ती तिथून हलणार नाही म्हणजे नाही. दुसरी सिस्टर लाईन, रक्ताचे नमुने, इंजेक्शन. आया बॉक्स आणते, लाईट लावते, वॉचमनला हाक मारते आणि मग घड्याळाखाली उभी राहून वेळ सांगते. आया काय करणार असं म्हणणारे असतील तुमच्यात, तर त्यांना सांग की खोलीत कुठली वस्तू कुठे आहे हे सगळ्यात जास्त तिलाच माहीत असतं. डॉक्टर तपासतात आणि सांगतात, पण नाव घेऊन. "कोणीतरी लाईन टाका" ऐवजी "सुषमा, दुसरी लाईन टाक" आणि सुषमाने म्हणायचं "दुसरी लाईन टाकते" आणि टाकल्यावर "दुसरी लाईन झाली". पहिल्या वेळी सगळ्यांना हसू येतं, नाटकी वाटतं. येऊ दे.

भाषेचं पण ठरवून घ्या. तुमच्याकडे कोण कोकणीत बोलत असेल, कोण मराठीत, एखादी सिस्टर कर्नाटकातली असेल, मॅडम घाईत इंग्रजीवर जात असतील. ब्लीडिंग जास्त आहे हे जाहीर करायचं एकच वाक्य ठरवा, "पीपीएच आहे, सगळे या" एवढंसं, आणि ते कोणीही म्हणू शकतं, आयासुद्धा. कोणी म्हटलं आणि तसं नसलं तर त्या माणसाला ओरडायचं नाही, हे मॅडमच्या तोंडून सगळ्यांसमोर वदवून घे. आपल्याकडे सिस्टरला दिसतं, पॅड भरलेलं दिसतं, पल्स वाढलेली दिसते, पण मॅडम म्हणाल्या ठीक आहे मग आपण कोण बोलणार, असं करत दहा मिनिटं जातात. अशा वेळी आकडा बोलायचा. "मॅडम, मला बरं वाटत नाहीये" असं नाही, "मॅडम, पल्स 124, बीपी 90 वर 60, दोन पॅड पूर्ण भरली, मला पीपीएच वाटतंय, ट्रॅनेक्सॅमिक काढू का?" आकड्यावर कोणाला राग येत नाही, आला तरी फार टिकत नाही. ट्रॅनेक्सॅमिक डिलिव्हरीपासून तीन तासांच्या आत द्यायचं, एक ग्रॅम, सावकाश दहा मिनिटांत, आणि जेवढं लवकर तेवढा फायदा जास्त, म्हणून हा प्रश्न वेळेवर विचारायला लाजू नको.

फोन करायचंही ड्रिलमध्येच घ्या. डिचोलीहून बांबोळी काही शेजारी नाही, वाटेत ट्रक असतात, रात्रीचा पाऊस असला तर विचारूच नको. तेव्हा 108 ला फोन आणि गोमेकॉत किंवा म्हापशाच्या आझिलो हॉस्पिटलात जिथे पाठवणार तिथे फोन, हे दोन वेगळे फोन आणि दोन वेगळी माणसं. तिकडच्या डॉक्टरला काय सांगायचं ते फोनशेजारी कागदावर लिहून चिकटव, मी कोण आणि कुठून बोलतेय, बाई किती वर्षांची, कितवी डिलिव्हरी, किती वाजता झाली, किती रक्त गेलं, आता पल्स-बीपी किती, काय काय दिलं, ब्लड ग्रुप काय, आम्ही किती वाजता निघतोय आणि तुम्ही रक्त तयार ठेवा. वाचून दाखवायला एक मिनिट पुरतं. पेशंट नुसतीच कॅज्युअल्टीच्या दारात जाऊन उभी राहिली तर तिथले लोक शून्यापासून सुरू करतात, त्यांचाही दोष नाही त्यात.

आणि हो, नवरा. बाहेर बाकावर बसलेला असतो, आतून पळापळ ऐकू येते, कोणी काही सांगत नाही, मग तो दार ठोठावतो आणि तुमचं एक माणूस त्याच्यात अडकतं. एकाने दोन वाक्यांत जाऊन सांगायचं की ब्लीडिंग जास्त होतंय, उपचार चालू आहेत, दहा मिनिटांत परत येऊन सांगते. आणि दहा मिनिटांत खरंच जायचं. नंतर ज्या तक्रारी होतात, तोडफोड होते, त्यातल्या कितीतरी या बाकावर सुरू झालेल्या असतात.

ड्रिल झालं की तिथेच उभ्या उभ्या पाच मिनिटं बोला. काय सापडलं नाही, कोणाला काय ऐकू आलं नाही, एवढंच. कोण चुकलं हे नाही. एका वहीत तारीख आणि दोन ओळी लिही, पुढच्या ड्रिलच्या आधी त्या दोन ओळींचं काम झालेलं असलं पाहिजे. त्या खऱ्या रात्रीबद्दलही असंच बसून बोलायला हवं होतं, अजूनही उशीर झालेला नाही, मॅडमना सुचव. ड्रिल दोन-तीन महिन्यांनी एकदा केलं तरी पुष्कळ, दर वेळी विषय बदला. झटके आलेली बाई, मॅग्नेशियम कसं भरायचं आणि त्याचा उतारा कॅल्शियम ग्लुकोनेट कुठे आहे. खांदा अडकलेलं बाळ, पाय पोटाकडे कोण घेणार आणि ओटीपोटाच्या अगदी खाली, हाडाच्या वर, दाब कोण देणार, आणि वरून पोट दाबायला धावणाऱ्या माणसाला कोण थांबवणार. न रडलेलं बाळ, श्वास द्यायची अँबू बॅग आणि मास्क बाळाच्या मापाचा आहे का, कारण पहिल्या मिनिटात श्वास द्यायला लागायचं असतं आणि मास्क शोधण्यातच ते मिनिट जातं. प्रत्येकाचा वेगळा बॉक्स.

नोकरीचं विचारलंस. सरकारी जागा निघाली तर अर्ज जरूर कर, पगार, रजा, शिकायला मिळणं सगळंच बरं असतं. पण आता या आठवड्यात, झोप उडालेली असताना, राजीनामा लिहू नको. दोन-तीन ड्रिल होऊ दे. बॉक्स मागून, मॅडमशी बोलूनही तिकडे काहीच हललं नाही, फ्रीज वरच राहिला, आणि परत झापणंच वाट्याला आलं तर मात्र खुशाल सोड आणि मनाला लावून घेऊ नको. झोप नाहीच लागली, स्वप्नं थांबली नाहीत तर डॉक्टरला दाखव, अशा केसनंतर नर्सेसना, डॉक्टरांनाही असं होतं आणि त्यावर उपाय असतो.

एक राहिलं. बॉक्सला सर कुलूप लावायला सांगतील, औषधं इकडे-तिकडे होतात म्हणून. लावू देऊ नको. कागदाची पट्टी चिकटव, त्यावर तारीख आणि भरणाऱ्याची सही, पट्टी फाटलेली दिसली की त्या शिफ्टने बॉक्स परत भरून नवी पट्टी लावायची. किल्ली कोणाच्या कमरेला ते शोधायला पाचव्या वेळी पळायला नको.